परदेशी कडधान्याचा पहिला कंटेनर: न्हावा शेवा ते दाणाबंदर

कडधान्याच्या आयातीत नवा माणूस आधी भाव विचारतो. जुना माणूस आधी तारीख विचारतो. बोट कधी सुटणार, आयातीची सवलत कधीपर्यंत आहे, आपल्याकडचे नवे पीक कधी येणार, या तीन तारखा एका कागदावर लिहा आणि मगच मोझांबिकच्या तुरीचा किंवा ऑस्ट्रेलियाच्या हरभऱ्याचा भाव काढा. या धंद्यात बुडालेले बहुतेक पैसे वाईट मालात नाही, चुकलेल्या तारखेत बुडालेले असतात.

काय, कुठून आणि कधी

तूर येते म्यानमार, मोझांबिक, टांझानिया आणि मलावीतून. म्यानमारच्या तुरीला बाजारात ‘लेमन’ म्हणतात. आफ्रिकेच्या तुरीत सफेद, गजरी, अरुषा, मतवारा अशी नावे चालतात आणि प्रत्येकीचा भाव वेगळा असतो, त्यामुळे नुसते ‘आफ्रिकन तूर’ म्हणून सौदा करू नका. उडीद मुख्यतः म्यानमारचा. त्याचे दोन दर्जे असतात, एफएक्यू (साधारण दर्जा) आणि एसक्यू (खास दर्जा), आणि टपोऱ्या दाण्याचा एसक्यू महाग असतो. मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचा, देशी हरभरा ऑस्ट्रेलिया आणि टांझानियाचा, पिवळा वाटाणा कॅनडा आणि रशियाचा. काबुली हरभरा दाण्याच्या आकारावर विकला जातो. ४४-४६, ५८-६० हे आकडे म्हणजे एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये बसणारे दाणे. आकडा जितका लहान, तितका दाणा मोठा आणि भाव जास्त.

पिवळा वाटाणा बहुधा अख्ख्या जहाजाने, सुटा येतो. तो नवख्याचा माल नाही. तूर, उडीद, मसूर आणि काबुली कंटेनरमध्ये येतात. २० फुटी कंटेनरमध्ये ५० किलोच्या साधारण ४८० पिशव्या बसतात, म्हणजे २४ टन. सुरुवात एकाच कंटेनरने करा.

मोझांबिकची तूर ऑगस्टपासून बोटीवर चढते. आपल्याकडची नवी तूर डिसेंबरअखेर कर्नाटकातून यायला लागते, मग लातूर-अकोल्याची. म्हणून आफ्रिकेचा माल नोव्हेंबरपर्यंत उतरला तर त्याला गिऱ्हाईक असते. तोच माल जानेवारीत उतरला तर गिरणीवाला समोरचा ताजा माल दाखवून भाव पाडतो. ऑस्ट्रेलियाचा हरभरा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतो आणि आपला हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथेही तेच गणित. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नकाला बंदरात तुरीची निर्यात रखडली होती. माल चांगला असून, भाव ठरलेला असूनही दिवस हातातून जातात ते असे.

सरकारी धोरण: रोज सकाळी बघायची गोष्ट

कडधान्याच्या आयातीचे नियम पिकाप्रमाणे आणि महागाईप्रमाणे बदलतात. पिवळ्या वाटाण्याचा इतिहास बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५० टक्के शुल्क लागले. डिसेंबर २०१९ मध्ये किमान आयात किंमत किलोला २०० रुपये ठरली आणि आयात जवळजवळ थांबली. डिसेंबर २०२३ मध्ये शुल्क शून्य झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के. मूग फेब्रुवारी २०२२ पासून ‘प्रतिबंधित’ यादीत गेला, म्हणजे खास परवान्याशिवाय आणता येत नाही. तुरीची आणि उडदाची आयात मे २०२१ मध्ये खुली झाली आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. मुदतवाढ मिळेलच, हे गृहीत धरून कोणी सौदा करू नये.

अधिसूचनेत दोन गोष्टी वाचा. पहिली: सवलत बिल ऑफ लेडिंगच्या (माल बोटीवर चढल्याच्या पावतीच्या) तारखेवर आहे की बंदरात बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा अर्ज) दाखल होण्याच्या तारखेवर? या एका ओळीवर लाखो रुपये अवलंबून असतात. १० टक्के शुल्क लागले तर टनाला ६४,५०० रुपयांच्या मालावर कंटेनरमागे दीड लाखाहून जास्त जातात. दुसरी: कोणती पूर्वअट आहे? पिवळ्या वाटाण्याला २०२३ मध्ये सूट मिळाली तेव्हा विदेश व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन प्रणालीत आधी नोंदणी करावी लागत होती. नोंदणी राहिली की सूट राहिली.

हमीभावही डोळ्यांसमोर ठेवा. २०२५-२६ च्या खरिपात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. देशी बाजार हमीभावाच्या खाली रेंगाळला की शेतकरी संघटनांची मागणी येते आणि शुल्काची चर्चा सुरू होते. त्या वेळी तीन महिन्यांनंतरचा सौदा करणे म्हणजे स्वतःहून आगीत हात घालणे.

कागद, बोट सुटण्याआधी

क्रम पाळा, कारण एक कागद दुसऱ्यावर बसतो.

चालू खाते आणि पॅन यांच्या आधारे आयईसी (आयात-निर्यात कोड) काढा. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून अद्ययावत करावी लागते, नाहीतर आयईसी निष्क्रिय होतो आणि ते कळते नेमके बोट आल्यावर. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठी बँकशाखेचा कोड) घेऊन तो आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवा.

एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) आयातदार म्हणून केंद्रीय परवाना वेगळा असतो. किराणा दुकानाचा किंवा गोदामाचा परवाना इथे चालत नाही.

वनस्पती संगरोधाचा (प्लांट क्वारंटाईनचा) आयात परवाना माल चढण्याआधी हवा. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशात कोणते कडधान्य कोणत्या देशातून आणता येते याच्या अनुसूची आहेत. तुमचा देश तुमच्या मालासमोर लिहिलेला आहे याची खात्री करा. नसेल तर तो सौदाच करू नका. पुढे परदेशातल्या अधिकृत कार्यालयाचे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्र लागते. त्यात धुरीची, म्हणजे कीड मारायला दिलेल्या वायूची, नोंद हवी: कडधान्याला मिथाइल ब्रोमाइड, घनमीटरला ३२ ग्रॅम, २४ तास, २१ अंश किंवा त्याहून जास्त तापमानात, किंवा आपल्या आदेशाने मान्य केलेली समतुल्य पद्धत. काही देशांत मिथाइल ब्रोमाइड वापरत नाहीत आणि माल फॉस्फिनने धुरी देऊन पाठवतात. ते इथे चालेल का, हे बोट सुटण्याआधी क्वारंटाईन कार्यालयाकडून पक्के करा. नंतर कळले तर इथे पुन्हा धुरी, दंड आणि चार-सहा दिवस.

मोझांबिक, टांझानिया, मलावी, म्यानमार हे अल्पविकसित देशांच्या यादीत आहेत. त्या नात्याची शुल्कसवलत घ्यायची असेल तर मूळ देशाचे प्रमाणपत्र नुसते असून भागत नाही. २०२० च्या कॅरोटार नियमांप्रमाणे (मूळ देश पडताळण्याचे कस्टम्सचे नियम) माल खरोखर तिथे पिकला याची माहिती आयातदाराकडे असावी लागते आणि कस्टम्स ती मागू शकते. केनिया या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

निर्यातदाराकडून सगळ्या कागदांचे मसुदे आधी मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. कंटेनर नंबर, सील नंबर, पिशव्यांची संख्या, निव्वळ वजन, आयातदाराचा पत्ता, मालाचे शास्त्रीय नाव. तुरीचे ‘कजॅनस कजान’, उडदाचे ‘विग्ना मुंगो’. प्रमाणपत्रावर उडदाऐवजी मुगाचे नाव पडले, तर उडीद खुला आणि मूग प्रतिबंधित, मग काय होईल ते समजा. मूळ कागदात दुरुस्ती मागवायला आठवडा जातो आणि तोवर कंटेनर बंदरात भाडे खात बसतो.

सौदा कशावर करायचा

भाव बहुधा ‘सीएनएफ न्हावा शेवा’ असतो, डॉलरमध्ये, टनावर. म्हणजे जहाजभाडे निर्यातदाराचे आणि विमा तुमचा. विमा काढाच. तो कळवला नाही तर शुल्काच्या मोजणीसाठी कस्टम्स एफओबी किमतीच्या (बोटीवर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) १.१२५ टक्के विमा धरते, पण त्याने बुडालेला माल भरून मिळत नाही.

करारात हे सगळे लिहून घ्या: जात, पिकाचे वर्ष, ओलावा जास्तीत जास्त किती (१२ टक्के मागा, १३ च्या वर जाऊ नका), काडीकचरा, तुकडा, किडका आणि डागी दाणा यांची मर्यादा, नव्या पिशव्या, माल चढवायची पहिली आणि शेवटची तारीख, वजन आणि दर्जा कोणत्या जागी अंतिम धरायचे, शिपिंग लाइनकडून मिळणारे मोफत दिवस (कंटेनरचे भाडे न लागणारे) किती. मोफत दिवस बिल ऑफ लेडिंगवरच छापून घ्या. १४ दिवस मिळाले तर श्वास घेता येतो. आणि एक कलम हमखास विसरले जाते: सौद्यानंतर आयातीचे धोरण बदलले तर तोटा कोणाचा? काही लिहिलेले नसेल तर तो तुमचा.

पैसे देताना नवख्याने पूर्ण आगाऊ रक्कम कधीही देऊ नये. साधी पद्धत म्हणजे १० ते २० टक्के आगाऊ आणि उरलेले कागद बँकेत आल्यावर. अनोळखी निर्यातदार असेल तर एलसी (कागद बरोबर असतील तरच पैसे देण्याची बँकेची हमी). त्याचा खर्च डोळ्यांत येतो, पण पहिल्या व्यवहारात तो देण्यासारखा आहे. बाजारापेक्षा टनाला शंभर डॉलर स्वस्त देणारा मेल आला तर तो माल अस्तित्वातच नसतो. निर्यातदाराचा ‘खाते बदलले आहे, नव्या खात्यात पाठवा’ असा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. ही फसवणूक खऱ्या निर्यातदाराच्या नावाने होते आणि पैसे परत येत नाहीत.

माल चढताना तिथे स्वतंत्र सर्व्हेयर नेमा. त्याने वजन, दर्जा आणि रिकाम्या कंटेनरची अवस्था बघावी. छताला भोक आहे का, हे बघायला आत उभे राहून दार बंद करतात. कुठून उजेड आला तर तो कंटेनर परत. भिंतींना क्राफ्ट कागद लावला आहे का आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या आहेत का, याचे फोटो मागा. दिवसा तापलेल्या आणि रात्री गार झालेल्या कंटेनरमध्ये छतातून पाणी ठिबकते आणि वरच्या थरातल्या पिशव्या बुरसटतात. १ टक्का ओलावा जास्त म्हणजे २४ टनांत २४० किलो पाणी, तुरीच्या भावाने विकत घेतलेले.

उतारा किंमत (माल बाजारात उतरेपर्यंत पडणारा भाव) काढणे

हिशोब समजावा म्हणून आकडे धरू. तुरीचा भाव ७५० डॉलर, डॉलर ८६ रुपये. टनाला ६४,५०० रुपये, क्विंटलला ६,४५०. नवखा इथेच थांबतो आणि बाजारभाव ६,७०० बघून खूश होतो.

आता पुढे चला. शिपिंग लाइनचे चार्जेस, सीएफएस (बंदरालगतचे कंटेनर गोदाम), क्लिअरिंग एजंट, क्वारंटाईन आणि एफएसएसएआयचे शुल्क, दाणाबंदर बाजार असलेल्या तुर्भ्यापर्यंत ट्रक, हमाली मिळून कंटेनरला ६०,००० धरले तर टनाला २,५००. ४५ दिवस पैसे अडकले आणि व्याज १२ टक्के, तर टनाला ९५४. अर्धा टक्का घट ३२२. बेरीज ६८,२७६. त्यावर अर्धा टक्का दलाली. क्विंटलला साधारण ६,८६० पडले. ६,७०० ला विकले तर क्विंटलमागे १६० रुपये खिशातून गेले, कंटेनरमागे ३८,४००.

डॉलर एका रुपयाने चढला की याच कंटेनरवर १८,००० रुपये वाढतात. म्हणून सौदा झाला त्याच दिवशी बँकेशी फॉरवर्ड कव्हरबद्दल (पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बांधून घेण्याबद्दल) बोला. हरभऱ्याचे वायदे २०२१ मध्ये बंद झाले, त्यामुळे मालाच्या भावाला असे कव्हर मिळेल, हे धरून चालू नका. निदान डॉलरचा धोका तरी बांधून ठेवा.

गिऱ्हाईक गिरणीवाला आहे, म्हणून त्याच्या बाजूनेही मोजा. १०० किलो तुरीतून ७२ किलो डाळ निघाली, तूर ६,८६० ला पडली, दळणाचा खर्च ४०० आणि चुनी-टरफलाचे ४४० परत आले, तर डाळ किलोला सुमारे ९४ रुपये ७५ पैशांना पडते. डाळीचा उतारा ७० किलोवर आला की तीच डाळ ९७ रुपये ४० पैशांच्या आसपास जाते. दोन किलोच्या फरकाने किलोला जवळजवळ पावणेतीन रुपये. गिरणीवाला दाण्याच्या टपोरेपणावर आणि एकसारखेपणावर एवढा अडून का बसतो, ते यात आहे.

बंदरात

बिल ऑफ एंट्री बोट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झाली पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये. क्लिअरिंग एजंट निवडताना त्याला एकच विचारा: गेल्या हंगामात कडधान्याचे किती कंटेनर सोडवले? यंत्रे आणि कापड सोडवणारा हुशार माणूसही क्वारंटाईनच्या रांगेत नवखाच असतो.

मग क्वारंटाईनचा निरीक्षक आणि एफएसएसएआयचा अधिकारी नमुने घेतात. जिवंत किडा दिसला तर पुन्हा धुरी. प्रयोगशाळेत बाह्य पदार्थ, ओलावा, युरिक आम्ल, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) आणि कीटकनाशकांचे अंश बघतात. युरिक आम्लाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. किडे चाळून काढता येतात, पण त्यांनी सोडलेले युरिक आम्ल दाण्यातच राहते. जुना, एकदा किडून साफ केलेला माल तिथेच पकडला जातो. पिशवीवर मालाचे नाव, लॉट नंबर, वजन, मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता हवा.

सुट्या आणि मोठ्या पिशवीतल्या कडधान्यावर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधलेल्या आणि लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के आहे. गोदामात पाकिटे भरून विकायचा विचार असेल तर तो हिशोब वेगळा मांडा.

माल हातात आल्यावर

घाऊक धान्याचा बाजार मशीद बंदरातून नवी मुंबईत आला, तरी लोक त्याला दाणाबंदरच म्हणतात. तिथे जाण्याआधी तुमचा नमुना तुम्ही स्वतः तपासलेला असला पाहिजे.

कंटेनर उघडताच दारापाशी उभे राहून वास घ्या. कुबट वास आला तर आधी फोटो, मग सर्व्हेयर, मगच माल उतरवणे. दाराजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या पिशव्यांत परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसा, वरून, मधून आणि तळातून. दारापाशी चांगला आणि आत जुना माल भरण्याची युक्ती जुनीच आहे. सगळे एकत्र मिसळून १०० ग्रॅम तोला आणि पांढऱ्या कागदावर ढीग करा: काडीकचरा आणि खडे, तुकडा, किडका, डागी, सुरकुतलेला, परजात. प्रत्येक ढीग तोलला की ग्रॅम म्हणजेच टक्के. दाणा दाढेखाली धरून चावा. कट् आवाज करून तुटला तर कोरडा, दबला तर ओल आहे. मूठभर दाणे पाण्यात टाका, तरंगणारे पोकळ असतात. आणि तुरीची वाटीभर डाळ करून शिजवा. गणंग किती राहतात ते मोजा. जुन्या तुरीत ते जास्त निघतात, आणि गिऱ्हाईकाच्या घरून तक्रार येते ती याचीच.

दहा पिशव्या काट्यावर ठेवून सरासरी वजन काढा आणि रिकामी पिशवी वजा करा. कमी भरले तर सर्व्हेयरच्या अहवालाशिवाय दावा उभा राहत नाही.

साठवताना लाकडी पॅलेट, भिंतीपासून दोन फूट अंतर, थप्प्यांमध्ये माणूस जाईल एवढी वाट. पावसाळ्यात न्हावा शेव्याहून निघणारा ट्रक ताडपत्रीत दोनदा गुंडाळून घ्या. डाळभुंगा दिसला तर अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या स्वतः ठेवू नका. तो वायू माणसे मारतो. परवानाधारक धुरीवालाच बोलवा आणि त्या दिवशी गोदामात कोणालाही झोपू देऊ नका.

साठ्याच्या मर्यादेकडे दुर्लक्ष नको. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदावर घाऊक व्यापाऱ्याला २०० टनांची मर्यादा आली, सप्टेंबरमध्ये ती ५० टन झाली. आयातदाराने कस्टम्समधून सुटल्यावर ३० दिवसांपेक्षा जास्त माल धरू नये, असेही तेव्हा ठरले होते. ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर साठा जाहीर करावा लागतो. सौदा करताना मर्यादा नसेल, पण माल उतरेपर्यंत लागू शकते. भाव वाढेल म्हणून माल धरून ठेवायचा बेत असेल तर हा धंदा त्यासाठी नाही.

विक्री

दाणाबंदरातला सौदा दलालामार्फत होतो, नमुन्याची पुडी दाखवून आणि फोनवर. दलाल पैशांची हमी देत नाही, भाव जुळवतो. म्हणून लातूर, अकोला किंवा जळगावच्या कोणत्या गिरणीला माल जातोय ते नावानिशी विचारा आणि त्या गिरणीने इतरांचे पैसे किती दिवसांत दिले याची चौकशी दोन वेगवेगळ्या दलालांकडे करा. एकाच दलालाच्या शब्दावर उधारी नको. रोखीला वटाव द्या, पण तो व्याजाच्या हिशोबात बसवून. वरच्या उदाहरणातल्या कंटेनरमध्ये साडेपंधरा लाख अडकलेले आहेत, म्हणजे १२ टक्क्यांनी रोज ५०० रुपये. गिऱ्हाईकाने ३० दिवस मागितले तर ती १५,००० ची सूट झाली, आणि ती भावात दिसली पाहिजे.

हमाली माथाडी कामगारांकडून होते, मंडळाने ठरवलेल्या दराने. त्या पावत्या जपून ठेवा आणि पिशवी ५० किलोच्या वर घेऊ नका, कारण ती माणसाच्या पाठीवरून जाणार आहे.

नाफेडच्या साठ्याचे लिलाव कधी आहेत, यावरही लक्ष ठेवा. सरकारी हरभरा बाजारात आला की दोन दिवस लिवाली (खरेदी) थंडावते. अशा दिवशी घाईने कमी भावात विकण्यापेक्षा गिरणीवाल्याशी सरळ बोलून लॉटचा अर्धा भाग द्या आणि उरलेला पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या कंटेनरचा सौदा पहिल्याचा शेवटचा रुपया खात्यात जमा झाल्यावर करा. तोवर पहिल्याच्या प्रत्येक पावतीवर तारीख घालून एक वही भरा: परवाना कधी मिळाला, बोट कधी सुटली, नमुना कधी घेतला, निकाल कधी आला, ट्रक कधी निघाला, पैसे कधी आले. पुढच्या सौद्यात निर्यातदाराकडे किती मोफत दिवस मागायचे, हे त्याच वहीतून निघते.